वाढवलेला रस्सा

बाबा मिलमधून घरी आले की मागच्या बोळातून थेट न्हाणीत शिरायचे. ते पुढच्या दाराने आल्याचं मला आठवतच नाही. मिल शेंगदाणा तेलाची आणि बाबा तिथे दिवाणजी. येणाऱ्या पोत्यांची नोंद ठेवायची, जाणाऱ्या डब्यांवर नजर ठेवायची आणि मालकाचा राग मान खाली घालून ऐकायचा, असं ते काम. दिवसभर त्या धुळीत बसून त्यांच्या सदऱ्याला, केसांना, चष्म्याच्या काड्यांनासुद्धा दाण्याचा वास लागलेला असायचा. आई न्हाणीशी पाण्याची बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवून द्यायची. माझा धाकटा भाऊ विनू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून ओरडत असायचा, "बाबा, झाली का? मान घासली का? कान घासले का?" आतून पाण्याचा आवाज यायचा आणि बाबांचं "घासले रे बाप्पा, घासले" असं उत्तर. मग ओल्या केसांनी बाहेर आलेल्या बाबांच्या अंगावर हा जो चढायचा, तो जेवणाची पानं मांडली तरी उतरायचा नाही.

कारण असं की विनूला दाणा चालत नव्हता. चालत नव्हता हे फार सौम्य झालं. तो दीड-दोन वर्षांचा असताना शेजारच्या काकूंनी चतुर्थीच्या उपासाची खिचडी त्याला बोटाने चाटवली होती. तेवढ्या बोटभर खिचडीने त्याचे डोळे मिटले, ओठ पुरीसारखे फुगले आणि अंगभर गांधी उठल्या. खामगावातल्या आमच्या डॉक्टरांनी सुई देऊन त्याला सावरलं आणि आईला बजावलं, "याले दाना म्हनजे जहर समजा. कूट नाई, तेल नाई, हाताले लागलेलं बी नाई." आता वऱ्हाडातल्या बाईला दाण्याचं कूट वर्ज्य करा म्हणणं म्हणजे चूलच विझवा म्हणण्यासारखं. आमच्याकडे वांग्यात कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि उपास असला की दाण्याशिवाय दुसरं काही नाही. पण आईने दुसऱ्याच दिवशी दाण्याचा डबा शेजारी देऊन टाकला. पाटा-वरवंटा राखेने घासला. तिने जवस भाजून त्याचं कूट केलं, खोबरं किसून घातलं, फोडणीला सरकीचं तेल आणलं. दिवाळीला मिलमधून गोड्या तेलाचा डबा बक्षीस मिळायचा, तो आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. मला दाण्याची चिक्की आवडायची, ती मी शाळेतच खाऊन, हात धुऊन, चूळ भरून घरी यायची. मी चिडायची. खोटं कशाला सांगू, खूप चिडायची.

नातेवाइकांना हे सगळं थोतांड वाटे. "दान्यानं कोनी मरते का बे कुठं? आपन काय दाने खाऊन लहानाचे मोठे नाई झालो?" असं माझे एक चुलते दर भेटीत म्हणायचे आणि विनूला एक दाणा देऊन बघायची त्यांची फार इच्छा असायची. म्हणून लग्नाकार्यात आई विनूच्या पानाशी पहारेकऱ्यासारखी बसायची. पंगतीत सगळ्यांच्या पुढे पत्रावळ आणि विनूच्या पुढे घरून आणलेला डबा. वाढपी वरण घेऊन यायचे, जिलबी घेऊन यायचे, आणि विनूपाशी आले की आईचा हात आडवा यायचा. तो बिचारा मान वर करून पुढे जाणाऱ्या बादल्या बघायचा. आता हॉटेलात ॲलर्जी म्हटलं की वेटर निदान मान तरी डोलावतो, बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तेव्हा हा शब्दसुद्धा आमच्या घरात कोणाला नीट म्हणता येत नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढंच खरं.

विनूला एकच हौस होती, हॉटेलात जेवायची. खोबणीच्या स्टीलच्या ताटात. बस-स्टँडसमोरच्या खानावळीत तशी ताटं होती आणि येता-जाता तो दाराशी रेंगाळायचा. पहिलीत पास झालास तर नेईन, असं बाबा एकदा बोलून गेले. बोलले आणि फसले. पोरगा पहिला आला.

त्याच उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या पलीकडे हायवेला लागून एक नवी बाग झाली होती. नुसती बाग नव्हे. आत झुकझुक गाडी, पाण्यातल्या होड्या, राक्षसाच्या तोंडातून आत शिरायची गुहा, सिमेंटचे हत्ती नि डायनासोर, आणि मुक्कामाला खोल्यासुद्धा. तिला सगळे गंमतनगरी म्हणत. बाबांनी मिलमधून दोन दिवसांची सुट्टी काढली, ही आमच्या घरातली मोठीच घटना होती. आईने दोन दिवसांचा शिधा बांधला. दशम्या, तिखट पुऱ्या, जवसाची चटणी, गुळाच्या पोळ्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पट्टी तिने आठवणीने त्याच पिशवीत, पुऱ्यांच्या डब्याशेजारी, रुमालात गुंडाळून ठेवली. विनूचं खाणं आणि विनूचं औषध एका जागी असावं, असा तिचा हिशोब. त्यात चूक काय होती, सांगा.

गंमतनगरीच्या फाटकावर खाकी कपड्यातल्या म्हाताऱ्या चौकीदाराने पिशवीत हात घातला. "खायाचं आत नाई नेता येत, बाई. आत कॅन्टीन हाय. खोली संध्याकायी भेटते, तवा पिशवी न्या." आईने त्याला समजावलं, पोराचं पथ्य सांगितलं, शेवटी हात जोडले. तो तसा वाईट नव्हता. पण त्याच्यामागे पाटी होती आणि आमच्यामागे रांग होती. "पथ्याचं सगळेच सांगतात, माय. मालक मले काढून टाकीन," तो म्हणाला. त्याने पिशवी फळीवर ठेवली आणि आईच्या हातात पितळी बिल्ला दिला. आईने तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. आमच्याकडच्या बायका जपायची वस्तू अशीच बांधतात. गोळ्यांची आठवण त्या गडबडीत तिलाही झाली नाही आणि आम्हालाही नाही. बाहेर जाऊन जेवून यावं म्हटलं तर एकदा बाहेर पडलं की तिकीट खल्लास.

सकाळ मात्र सोन्यासारखी गेली. विनू राक्षसाच्या तोंडात शिरताना रडला आणि बाहेर आल्यावर पुन्हा जायचं म्हणून रडला. झुकझुक गाडीत बाबा गुडघे छातीला लावून बसले होते आणि हसत होते. बाबांना इतकं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं तसा विनू भुकेने किरकिर करायला लागला. आईचा चेहरा उतरला. तेव्हा बाबा म्हणाले, "चाल, मी पाहतो. तेलातला मानूस हावो मी. नाकाले कळते मले."

कॅन्टीनच्या मुदपाकखान्यात बाबा खरंच शिरले. मी दारातून बघत होते. आचारी धिप्पाड होता, कपाळावर गमछा बांधलेला. बाबांनी त्याला सगळं सांगितलं, अगदी काकूंच्या खिचडीपासून. मग तेलाच्या डब्यात वाकून वास घेतला, मसाल्याचे डबे उघडून पाहिले, बोटावर घेऊन पाहिले. आचाऱ्याने चिडायला हवं होतं, पण तो चिडला नाही. "पाहा दादा, समदं पाहा. लेकराचं काम हाय. शेवभाजीत दाना नाई माह्या. कांदा-खोबऱ्याचं वाटन हाय, आनं तेल सरकीचं," तो म्हणाला. ते खरं होतं. मी आजही शपथेवर सांगेन की ते खरं होतं. बाबा बाहेर आले आणि आईला नुसतं "हाव" म्हणाले.

मग विनूच्या पुढे खोबणीचं ताट आलं. त्याने दोन्ही हातांनी ते स्वतःकडे ओढून घेतलं. एका खोबणीत भात, एकीत कांदा, एकीत लालभडक शेवभाजी. वाढणाऱ्याला त्याने स्वतः सांगितलं, "मले पोयी पाह्यजे," आणि त्याने पोळी दिली. कोणाचा हात आडवा आला नाही. आई स्वतः जेवत नव्हती, त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याने एक घास खाल्ला, दोन खाल्ले, ताट पुसून खाल्लं आणि त्याला काही झालं नाही. नाक गळत होतं, ते तिखटाने. आईने हळूच श्वास सोडला आणि पोळीचा पहिला तुकडा मोडला. तेवढ्यात फाटकाकडून मोठा गलका आला. देवदर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंची एक बस वाटेत जेवायला थांबली होती. बघता बघता कॅन्टीन भरलं. बाकं सरकली, तांबे आपटले, पोरं रडली, आत मुदपाकखान्यात भांड्यांचा खणखणाट झाला.

"बाबा, अजून पाह्यजे," विनू म्हणाला.

बाबांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू लॉटरी लागली. आपला पोरगा चारचौघांत बसून जेवतोय आणि वर अजून मागतोय! त्यांनी हात उंच करून हाक मारली, मिलमध्ये कधी ऐकू आला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात, "ओ भाऊ! इकडं शेवभाजी आना! लेकराले वाढा!" वाढणारा बादली घेऊन धावत आला आणि त्याने पळी भरून वाढली.

माणसं वाढली की रस्सा वाढवायचा, ही आमच्याकडची जगरहाटी. घरी अचानक पाहुणे आले की प्रत्येक बाई हेच करते. पातेल्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि पाणचट लागू नये म्हणून दोन मुठी दाण्याचं कूट टाकायचं. चव राहते, दाटपणा येतो, कोणी उपाशी उठत नाही. आचाऱ्याने बस पाहिली आणि त्याच्या हाताने इतकी वर्षं जे केलं तेच केलं. आमचं जेवण आटोपलं असेल असं त्याला वाटलं. इतकंसंच आहे ते. मी अनेकदा कोणावर तरी रागवायचं ठरवलं, पण राग कोणावर टिकत नाही.

विनूने तीन-चार घास खाल्ले असतील. मग तो थांबला आणि जीभ बाहेर काढून तळव्याने पुसायला लागला. "आई, घसा खाजते." आईच्या हातातली पोळी तिथेच पडली. तिने त्याचं ताट ओढलं, रस्सा बोटावर घेतला, चाखला आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी बोट बुडवून नाकाशी नेलं आणि ते पांढरेफटक पडले. "मले कसा नाई आला वास? मले कसा नाई आला?" असं ते पुटपुटत राहिले. ज्या वासात माणूस जन्म काढतो तो वास त्याला येईनासा होतो, हे मला आता कळतं. त्यांना ते कोणी पटवू शकलं नाही.

"गोया! पिशवीत हायेत!" आई ओरडली आणि बाबा फाटकाकडे धावले. पुढचं बाबांनीच नंतर सांगितलं. चौकीदार म्हणाला, बिल्ला दाखवा. बिल्ला आईच्या पदराला. बाबा म्हणाले, पोरगं मरून राह्यलं माह्यं. चौकीदार म्हणाला, हाव, पन बिल्ला? तेव्हा आयुष्यात कोणाला अरे न म्हणालेल्या माझ्या बाबांनी त्या म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी ढकलून दिलं आणि पिशवी ओढून घेतली. इकडे विनूच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. डोळे मिटत आले होते. आमच्याभोवती बसमधली माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे उपाय होता. कोणी म्हणालं ठसका लागला, पाठीत मारा. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. एका म्हातारीने दृष्ट काढायला मीठ मागितलं. सगळी माणसं चांगली होती हो, एकालाही काही कळत नव्हतं. बाबांनी गोळी आणली तोवर विनूला आवंढा गिळता येत नव्हता. आईने ती चुरून जिभेवर ठेवली, ती लाळेबरोबर बाहेर आली. मी तिथे उभी होते. त्याची एक चप्पल माझ्या हातात होती आणि मी काहीही करत नव्हते, कारण करण्यासारखं काही नव्हतं.

आचारी गर्दी सारून आला आणि त्याने कपाळावरचा गमछा ओढून तोंडात धरला. "मी टाकलं, माय. बस आली म्हून टाकलं," एवढंच तो म्हणत होता. यात्रेच्या बसचा ड्रायव्हर अर्धवट जेवणातून उठला, खरकटा हात पँटीला पुसला आणि म्हणाला, "रडता काय? उचला पोट्ट्याले. नांदुऱ्यात डाक्टर हाय, चाला." त्या एवढ्या मोठ्या बसमध्ये आम्ही चौघेच. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात उचलला नाही. आई विनूच्या तोंडाशी तोंड नेऊन "घे बाळा, श्वास घे, घे" म्हणत होती. जेवणाच्या वेळी ती त्याला घास भरवताना म्हणायची त्याच सुरात.

नांदुऱ्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती. कोळशाचे डबे, मग बंद डबे, मग पुन्हा कोळशाचे. ड्रायव्हर उतरून फाटकवाल्यावर ओरडून आला. मालगाडी गेली, पण फाटक उघडेना. दुसरीकडून गाडी येऊन राहिली होती. विनूचा आवाज थांबला. इतका वेळ त्या शिट्टीने जीव नकोसा झाला होता, ती थांबली आणि मला वाटलं, गेला. बाबांनी त्याला आईच्या मांडीवरून उचललं, खांद्यावर टाकलं आणि ते बसमधून उतरून फाटकाखालून वाकून रुळांवर धावत सुटले. त्यांच्यामागे आई, पदर सावरत. "पलीकडं उजव्या हाताले लाल पाटीचा दवाखाना!" ड्रायव्हर ओरडला. मी उतरायला लागले तर त्याने माझा दंड घट्ट धरला. "तू थांब, माय. गाडी आली."

आणि गाडी आली. आमच्या आणि त्यांच्या मध्ये ती धडधडत जात राहिली, खिडक्यांमधून माणसं हात बाहेर काढून वारा घेत होती. पलीकडे माझे आई-बाप आणि भाऊ होते आणि मला काही दिसत नव्हतं. मी चौदा वर्षांची होते. त्या बसमध्ये उभं राहून मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं पाळलं नाही. पुढे आयुष्यात वाईट प्रसंग पुष्कळ आले, घरातली मोठी माणसं गेली, पण त्या फाटकाशी होते तितकी असहाय मी कधीच नव्हते.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर बनियनवरच होते, त्यांच्याही हाताला जेवण लागलेलं होतं. विनू टेबलावर होता. मांडीत सुई देऊन झाली होती आणि तो श्वास घेत होता. घरघर करत, पण घेत होता. मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. ड्रायव्हर पाणी पिऊन परत गेला, त्याची माणसं खोळंबली होती. त्याचं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही.

ऊन उतरल्यावर विनूचे डोळे उघडले. चेहरा सुजलेलाच होता. डॉक्टर त्याच्या गालावर हात ठेवून म्हणाले, "काय खाल्लं बेटा तू? कोनं देल्लं तुले?"

विनूने बाबांना शोधलं. बाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. आल्यापासून ते टेबलाजवळ आलेच नव्हते.

"मीच मांगतली," विनू म्हणाला. आवाज घोगरा होता. "बाबा नको म्हनत होते. मीच मांगतली. बाबाले रागवू नका."

बाबा खाली बसले आणि लहान पोरासारखे मोठ्याने रडायला लागले. डॉक्टर तोंड फिरवून सुया उकळायच्या भांड्यात काहीतरी शोधत राहिले. विनू घाबरला. त्याला वाटलं, आपण अजून काहीतरी चुकीचं बोललो. तो आईला म्हणाला, "आई, मी आता अजून नाई मांगनार. कधीच नाई मांगू का?"

"नाई, माह्या राजा. घराबाहेर नको मांगू."

"आनं भूक लागली तं?"

पानावर बसलेल्या लेकराला "अजून घे" म्हणणं, हे आमच्याकडे आईपणाचं पहिलं काम. आईने त्याच्या कपाळावरचे चिकटलेले केस मागे केले.

"तरी नको मांगू," ती म्हणाली.

"बरं," विनू म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.